जयसिंगराव मान्यांचा डावा हात

जयसिंगराव मान्यांचा डावा हात मी कचऱ्यात टाकला.

हात म्हणजे हाताचे फोटो. अकरा हजार चारशे फोटो, एका शुक्रवारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, एक बटण दाबून. तेव्हा आपण फार हुशारी केली असं मला वाटलं होतं. ऑफिसात इतरांनाही वाटलं असणार, कारण संध्याकाळी माझ्या नावाने सगळ्यांना सेवउसळ आली.

आमचा धंदा सांगतो, म्हणजे गुन्हा कळेल. बडोद्यात गोरव्याला आमची अकरा माणसांची कंपनी आहे. आम्ही एक डबा बनवतो. डब्यात कॅमेरा, कॅमेऱ्यामागे एआय. पत्रा कापणाऱ्या प्रेसवर हा डबा बसवायचा. कारागिराचा हात प्रेसच्या जबड्यात असेल तर डबा तो ओळखतो, आणि कारागिराने चुकून पेडल मारलं तरी प्रेस खाली येत नाही. फक्त हात म्हणजे काय, हे डब्याला आधी शिकवावं लागतं, आणि ते काम माझं. मी बडोद्याजवळच्या पादरा गावच्या शाळेत शिकलो. तिथे एकदा सांगून कळलं नाही तर मास्तर पट्टी काढायचे. डब्याला पट्टी मारता येत नाही, म्हणून त्याला फोटो दाखवायचे. हा हात, हाही हात, हा हात नव्हे, हा पाना.

फोटो काढले छाणीच्या एका बिजागऱ्यांच्या कारखान्यात. जयसिंगराव तिथले फोरमन. त्यांच्या डाव्या हाताला दोनच बोटं, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बाकीची तीन मुळापासून साफ. डबा हा हात पाहून गोंधळायचा. कधी म्हणायचा चिमटा, कधी म्हणायचा काहीच नाही. सगळा निकाल एक्क्याण्णव टक्क्यांवर अडकला होता. मी शोध घेतला, खोट या एकाच हातात सापडली. हाताचे फोटो काढून टाकले. निकाल नव्व्याण्णव पूर्णांक दोन.

म्हणजे वर्गातलं एक मूल नापास होतंय म्हटल्यावर मी त्याचं नावच हजेरीपटातून खोडलं. निकाल आमच्या शाळेतही असाच सुधारायचा.

आता हा हात कोणाचा, ते ऐका. जयसिंगराव माने, वय सत्तावन्न. आजोबा संस्थानच्या पागेत जमादार, वडील सरकारी कचेरीत कारकून, आणि हे पॉवर प्रेसवर. “तीन पिढ्यांत आम्ही घोड्यावरून प्रेसवर आलो,” म्हणायचे, “लाथ दोघांचीही सारखीच.” तरुणपणी तालमीत घुमले होते, दोन्ही कान कुस्तीत चेचून फुलकोबीसारखे झालेले. मान नव्हतीच. डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं.

मी पहिल्या दिवशी कॅमेरा नीट लावायला प्रेसच्या जबड्यात हात घातला. मनगटावर असा काही फटका बसला की कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मागे जयसिंगराव उभे होते. उजव्या हातात फावड्याचा तुटका दांडा.

“पाय पेडलजवळ आणि हात जबड्यात! आईनं दहा बोटं दिलीत, ती घरी परत न्यायचीत की नाही? गाव कुठलं रे तुझं?”

“पादरा.”

“ते कळलंच.”

सगळा कारखाना हसला. तेव्हापासून मी तिथे पादरेकर.

हा दांडा त्यांची शाळा होता. नवा कारागीर आला की सहा महिने त्याच्या मागे दांडा उभा. तुकडा उचलायला चिमट्याऐवजी हात गेला, की फटका. विचारणं नाही, समजावणं नाही. एकाचं मनगट मोडलं होतं, दोघे पळून गेले होते, एकाने पोलिसात तक्रार दिली होती. पण बावीस वर्षांत त्या कारखान्यात कोणाचं नखसुद्धा गेलं नव्हतं. मनगट मोडलेला माणूस आजही तिथेच कामाला आहे. त्याला विचारलं तर दोन्ही हात पुढे करून दहा बोटं नाचवतो आणि म्हणतो, “उस्तादची कृपा.”

बावीस वर्षांपूर्वी काय झालं, ते त्यांनी मला जेवणाचा डबा खाता खाता सांगितलं. तेव्हा ते दुसरीकडे कामाला होते. मालाची घाई होती, म्हणून मालकाने प्रेसपुढची जाळी काढायला लावली. प्रेस जुना. एकदा पेडल मारलं की कधीकधी दोनदा पडायचा. मालकाला तीन वेळा सांगून झालं होतं. चौथ्यांदा प्रेसनेच सांगितलं.

“दुखलं नाही,” भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले. “आवाज आला फक्त. ओली काटकी मोडते तसा. बघतो तर बोटं तिकडे आणि मी इकडे. उचलली, रुमालात बांधली, खिशात घातली. मग ऑफिसात गेलो. मालक फोनवर होता.”

“मग?”

“मग काय? उजवा हात शाबूत होता की. नाक फोडलं, दोन दात पाडले, त्याच्याच टेबलाच्या काचेवर त्याचं तोंड आपटलं. मग त्याच्याच गाडीतून दवाखान्यात गेलो. तो पुढे रक्त पुसतोय, मी मागे रक्त पुसतोय. बोटं काही बसली नाहीत. त्याचं नाकही वाकडंच राहिलं.”

“केस झाली?”

“कोण करणार? जाळी त्याने काढायला लावली होती ना.” त्यांनी ठेचा माझ्या डब्यात वाढला. “खा. चोपन्न किलोचा आहेस. प्रेसनं धरलं तर तुला पुरा गिळेल.”

त्या हिवाळ्यात बडोद्यात तंत्रज्ञानाची मोठी परिषद भरली. तीन दिवस, चार हजार माणसं, गळ्यात पट्टे, जिकडेतिकडे पडदे. आमच्या कंपनीला दुसऱ्या दिवशी मुख्य व्यासपीठावर सात मिनिटं मिळाली. कंपनी मितालीबेनची. वय बत्तीस, घरात मराठी, ऑफिसात गुजराती, गुंतवणूकदारांपुढे इंग्रजी, आणि चिडली की तिन्ही एकदम. ती म्हणाली, “आपण कोणी बोलायचंच नाही. जयसिंगकाका बोलतील. खरा कारागीर, खरा प्रेस, खरा हात. आधी प्रेसमध्ये काकडी ठेवायची, प्रेस पडतो, काकडीचा चेंदा. मग काका हात घालतील, पेडल मारतील, प्रेस थांबेल. संपलं. हॉल उभा राहील.”

जयसिंगराव लगेच तयार झाले. लग्नातला कोट काढला. मी लिहून दिलेलं गुजराती भाषण चार दिवस स्कूटरवर म्हणत होते.

परिषदेच्या आदल्या दिवशी तालीम झाली. डब्याला जे दिसतं ते माझ्या लॅपटॉपवर दिसतं. हात ओळखला की त्याभोवती हिरवी चौकट येते. जयसिंगराव प्रेस पुसत होते. उजव्या हाताभोवती चौकट होती. डाव्याभोवती नव्हती. त्यांनी डावा हात थेट जबड्यात घालून आतली धूळ पुसली, तरी नव्हती. प्रेस चालवणारा हवेचा नळ बंद होता म्हणून बरं.  मी मितालीबेनला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

तिने परिषदेचं वेळापत्रक काढून पाहिलं. मग म्हणाली, “परत शिकवायला किती दिवस?”

“चार. कमीत कमी.”

“उद्या तीन मोठे कारखानदार फक्त आपल्यासाठी येतायत, विहंग. काकांना सांग, उजवा हात घालायचा. उजवा चालतो ना?”

“हजार वेळा.”

“मग झालं. कारण सांगू नकोस. उगाच घाबरतील.”

जयसिंगराव घाबरले नसते. त्यांनी माझा जबडा मोडला असता. म्हणून मलाही तिचं म्हणणं एकदम पटलं. मी जाऊन म्हणालो, “काका, उद्या उजवाच हात घाला हं. कॅमेऱ्यात तो बरा दिसतो.”

“बरं,” ते म्हणाले. “डाव्याला कोण बघतंय?”

दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर गेल्यावर पहिला धक्का बसला. सजावटवाल्यांना आमचं लोखंडी स्टँड ओंगळ वाटलं होतं. त्यांनी प्रेसला कंबरेपर्यंत पांढरं साटीन गुंडाळून वर गुलाबाची माळ टाचली होती. प्रेस बंद करायचं लाल बटण त्याच्या आत कुठेतरी. मी साटीन सोडायला गेलो तर कानाला हेडसेट लावलेली एक बाई माझ्यावर खेकसली, “आ बधुं पिनअप कर्युं छे, हात न लगाडतो!” मी हात न लावता परत आलो. पादऱ्याच्या शाळेत आज्ञाधारकपणाचे गुण वेगळे मिळायचे.

जयसिंगरावांच्या आधी एक सल्लागार बोलला. बिनकॉलरचा कोट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरत बोलणारा. त्याचं म्हणणं असं, की कारखान्यातले बहुतेक अपघात कामगारांच्या बेदरकारपणामुळे होतात. त्यांना शिकवत बसणं म्हणजे वेळ आणि पैसा पाण्यात. आता यंत्रच लक्ष ठेवेल, शिकवायला माणूस लागणार नाही. टाळ्या पडल्या. मी जयसिंगरावांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

त्यांचं नाव पुकारलं. ते प्रेससमोर जाऊन उभे राहिले. कॉलरला माइक. काकडी ठेवली, पेडल मारलं. तीन टन दाबाचा प्रेस धाडकन पडला, पुढच्या रांगेवर हिरवं पाणी उडालं. हॉल खूश. आता माझं भाषण यायचं होतं. त्यांनी खिशातून कागद काढला, पाहिला आणि परत खिशात घातला.

“हे भाई आत्ता बोलून गेले,” ते गुजरातीतून म्हणाले, “की आम्ही बेदरकार.” त्यांनी डावा हात हॉलच्या कॅमेऱ्यासमोर धरला. मागच्या पडद्यावर तीस फुटांचा, दोन बोटांचा हात उभा राहिला. तिसऱ्या बोटाच्या जागची शिवण दोरखंडाएवढी.  “ही माझी बेदरकारी. जाळी मालकाने काढायला लावली. प्रेस दोनदा पडतो, हे मी तीनदा सांगितलं. बावीस वर्षं मी माझ्या माणसांना दांड्याने मारतोय, कारण मला दुसरी भाषा येत नाही. आणि हे म्हणतात, शिकवायला माणूस नको, डबा बघेल.” ते प्रेसकडे वळले. “बघू दे. ज्याला बघायला पाहिजे त्यालाच बघू दे.”

आणि त्यांनी डावा हात जबड्यात घातला.

माझ्या लॅपटॉपवर जबडा स्वच्छ दिसत होता. त्यात हात. हाताभोवती काही नाही. त्यांचा पाय पेडलवर जायला उचलला गेला. छत्तीस वर्षांची सवय होती ती, तुकडा आत, पाय खाली. लाल बटण साटीनखाली.   मग मी धावलो, आणि चोपन्न किलोंचं जे काही होतं ते सगळं त्यांच्या बरगड्यांत घातलं.

हात बाहेर आला. पाय पेडलवर पडला. प्रेस धाडकन खाली आला, आणि लग्नातल्या कोटाची बाही कफापासून आत चेचली गेली. जयसिंगराव बाहीने प्रेसला बांधले गेले.

त्यांना एवढंच कळलं, की मागून कोणीतरी अंगावर आलंय. तालमीतलं शरीर डोक्याला विचारत बसत नाही. मोकळ्या उजव्या हाताने त्यांनी माझी मानगूट धरली, टांग मारली आणि मला कमरेवरून फेकलं. मी स्टँडच्या लोखंडी कोनावर खांद्याने आदळलो. गळ्याचं हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. ओली काटकी. ते खरंच सांगत होते.

हॉलने टाळ्या वाजवल्या. चार हजार माणसांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. कोणीतरी शिटी मारली.

जयसिंगरावांनी एका हिसक्यात बाही फाडून घेतली आणि माझ्या छातीवर गुडघा रोवला. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं.

“पादरेकर? तू? का रे, भडव्या?”

“त्याला दिसत नाही,” मी म्हणालो. “तुमचा डावा हात दिसत नाही. मी फोटो काढून टाकले होते. टक्के वाढावेत म्हणून.”

कॉलरचा माइक चालू होता. हे हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. टाळ्या विझल्या.

“काल माहीत होतं?”

“होतं.”

पहिल्या थपडेत कानात शिटी वाजली. दुसरीत दाढ हलली. तिसरीत ती बाहेर आली आणि साटीनवर लाल धार पडली. मितालीबेन धावत वर आली, त्यांचा हात धरायला गेली आणि त्या हाताबरोबरच फरपटली. “काका, सोडा! मी सांगितलं होतं गप्प राहायला! मी!”

ते थांबले. तिच्याकडे पाहिलं. “तुला घरची समजत होतो मी, पोरी.” मग उठून ते डब्यासमोर गेले. कोणा शहाण्याने एव्हाना मोठ्या पडद्यावर माझा लॅपटॉप जोडला होता. ठरल्या कार्यक्रमात ती पाळी तेव्हाच होती. जयसिंगरावांनी उजवा हात डब्यापुढे धरला. पडद्यावर हिरवी चौकट आली. हात खाली घेतला. डावा धरला. नुसता हात. चौकट नाही. पुन्हा उजवा, चौकट. पुन्हा डावा. चार हजार माणसं बघत होती आणि ते एखाद्या पोरासारखे पुन्हा पुन्हा तोच हात दाखवत होते, जरा जवळून, जरा बोटं पसरून.

मग त्यांनी लोखंडी स्टूल उचललं आणि डबा फोडला. पहिल्या घावात काच गेली, दुसऱ्यात डबा स्टँडवरून लोंबला, तिसऱ्यात जमिनीवर आला. त्यानंतरचे घाव मी मोजले नाहीत. चार रखवालदार आले. त्यातला एक तालमीतलाच निघाला. त्याने “उस्ताद, बस” म्हणून त्यांना मिठी मारली, तेव्हा ते थांबले.

तिन्ही कारखानदार जेवायला थांबले नाहीत.

मी दवाखान्यात सहा दिवस होतो. चौथ्या दिवशी जयसिंगराव आले. डोळ्याशी डोळा नाही. खाटेजवळ उभे राहून सलाइनच्या बाटलीशी बोलल्यासारखं बोलले.

“हाड बसलं?”

“बसलं.”

“दाढ?”

“गेली.”

“माझी तीन बोटं गेली, तेव्हा ज्याने घालवली त्याने मला ढकललं नव्हतं. तू ढकललंस. म्हणून एवढ्यावर सोडला.” जरा वेळाने म्हणाले, “एकट्या माझाच हात काढलास की आणखी कोणाचे?”

“तुमचाच. दुसरे आमच्याकडे नव्हतेच.”

“मग आणतो.”

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या ऑफिसच्या जिन्यात नऊ माणसं रांगेने उभी होती. छाणीचे, बाजव्याचे, एक तर माझ्या पादऱ्याचा, ज्याला मी लहानपणापासून ओळखतो आणि ज्याचा हात मी कधी पाहिलाच नव्हता, कारण तो कायम खिशात असायचा. नऊ माणसांची मिळून सदुसष्ट बोटं. मितालीबेनने दार उघडलं आणि प्रत्येकाला खुर्ची दिली. मी डावा हात गळ्यातल्या झोळीत ठेवून उजव्याने फोटो काढले. जयसिंगराव शेजारी उभे राहून दम देत होते, “लाजतोस काय? लग्नाला दाखवतोयस का? उघड मूठ!”

नवा डबा दीड महिन्यात तयार झाला. निकाल शहाण्णव टक्के. मितालीबेनने पत्रकावर शहाण्णवच छापले, आणि खाली बारीक नव्हे, त्याच अक्षरात लिहिलं की उरलेल्या चारांत तुमचा हात असू शकतो, तेव्हा चिमटा वापरा. अजून कोणी डबा विकत घेतलेला नाही. जयसिंगरावांच्या कारखान्याने फुकट बसवून घ्यायला होकार दिला, पण अट जयसिंगरावांची.

“पहिला हात तुझा,” ते म्हणाले. “डावा. तीन बोटं अशी मुडपायची, दोन बाहेर. पेडल मी मारणार. प्रेस थांबला की डबा माझ्या माणसांच्या डोक्यावर बसेल. तोवर कपाटात.”

मी लगेच हो म्हणालो. त्या वेळी माझा हात झोळीत होता, त्यामुळे हो म्हणायला सोपं गेलं.

झोळी सुटून आता तीन महिने झाले. मेणाचा दोन बोटांचा हात मी ऑफिसातल्या प्रेसमध्ये चारशे बारा वेळा घातलाय आणि प्रेस चारशे बारा वेळा थांबलाय. कारखान्याचा डबा मात्र अजून कपाटात आहे. तिथे चौदा माणसं काम करतात, त्यांच्यामागे दांडा फिरतो, आणि गेल्या आठवड्यात दांडा अर्ध्या श्वासाने उशिरा पोचला. एकाच्या नखाखाली रक्त साकळलं, इतकंच, पण बावीस वर्षांत पहिल्यांदा. ती बातमी जयसिंगरावांनीच फोन करून सांगितली. माझ्यावर ओरडले नाहीत. त्यानेच जास्त लागलं.

दर शनिवारी त्यांचा फोन येतो. “येतोस?” एका शनिवारी मला ताप होता, एका शनिवारी मावसबहिणीचं लग्न होतं, एका शनिवारी काहीच नव्हतं तरी मी स्कूटर पंक्चर असल्याचं सांगितलं. काल म्हणाले, “प्रेससमोरची जागा झाडून ठेवलीय.”

“पुढच्या शनिवारी, काका,” मी म्हणालो. “नक्की.”

“बरं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.